‘म्हणाली’ किती वेळा लिहायचं?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

त्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतात, शाळेत शिकवतात आणि काही वर्षांपासून कथा लिहितात. त्यांची एक कथा दिवाळी अंकाकडून परत आली. सोबत संपादकांची एकच ओळ होती: ‘विषय चांगला आहे, पण संवाद कृत्रिम वाटतात.’ कथा पुन्हा वाचताना त्यांना पानोपानी ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ खुपायला लागलं. एका लेखन शिबिरात त्यांनी ऐकलं होतं की तेच तेच क्रियापद वापरलं की कथा कंटाळवाणी होते. म्हणून त्यांनी बसून प्रत्येक ‘म्हणाली’च्या जागी ‘उद्गारली’, ‘उत्तरली’, ‘पुटपुटली’ असं काही ना काही घातलं. पुढे मुलाने मोबाइलवर एका इंग्रजी लेखकाचे नियम दाखवले, त्यात नेमकं याच्या उलट होतं. आता कथा पहिल्यापेक्षाही वाईट वाटते, असं त्या लिहितात. ‘कुणाचं खरं मानू? की संवादच काढून टाकू आणि सगळं निवेदनात सांगू?’ असा त्यांचा प्रश्न आहे. सुधारलेल्या कथेतला एक तुकडाही त्यांनी पाठवला आहे. प्रसंग असा: लग्न होऊन सासरी गेलेली शालन माहेरी आली आहे, आणि भावाला तिच्याकडून वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही हवी आहे.

“शालन, तू कधी आलीस?” वहिनी आश्चर्याने उद्गारली.

“मी आत्ताच आले, वहिनी. एसटी उशिरा आली,” शालन उत्तरली.

“शालन, उद्या आपल्याला दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे आहे. तुला हक्कसोडपत्रावर सही करायची आहे,” दादाने गंभीरपणे बजावले.

“पण दादा, वडिलांच्या जमिनीत मुलीचाही समान हक्क असतो, हे तुला माहीत आहे ना?” शालन दुखावलेल्या स्वरात विव्हळली.

“म्हणजे तू आम्हाला परके समजतेस तर!” दादा गरजला.

ताई,

संपादकांनी ‘संवाद’ असं लिहिलं आणि तुम्ही ‘म्हणाली’ असं वाचलं. माझ्या मते सगळी गाडी इथेच घसरली. या तुकड्यातली उद्गारली, उत्तरली, बजावले, विव्हळली, गरजला ही पाचही क्रियापदं बोटाने झाका आणि फक्त अवतरणचिन्हांतलं वाचा. कृत्रिमपणा आहे तिथेच राहतो. म्हणजे तो क्रियापदांत नव्हताच. क्रियापदं बदलून तुम्ही तो फक्त मोठ्या आवाजात वाजवलात.

मग तो आहे कुठे? दादा स्वतःच्या घरात, सख्ख्या बहिणीशी बोलतो आहे. ‘दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे आहे’ हे नोटिशीतलं वाक्य त्याच्या तोंडी येणार नाही. तो म्हणेल, ‘उद्या तासगावला जायचंय.’ कशाला, ते तो शक्य तितका वेळ सांगणारच नाही, कारण सांगताना त्यालाही जड जातंय. शालनचं कायद्याचं वाक्य तर दोघांनाही माहीत असलेली गोष्ट आहे. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मापासून हक्क मिळाला. दादाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्याला सही हवी आहे. तिला हक्कच नसता तर हक्कसोडपत्र कशाला लागलं असतं? मग शालन हे कुणाला सांगते आहे? वाचकाला. पात्र वाचकाकडे तोंड करून बोलायला लागलं की त्यापुढे ‘म्हणाली’ लिहा नाहीतर ‘विव्हळली’ लिहा, कानाला ते खोटंच लागतं. शिवाय इतकं सुसंगत, नीट जोडलेलं वाक्य कुणी विव्हळत बोलत नाही.

आता ‘म्हणाली’च्या भीतीबद्दल. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की वाचक कंटाळतो, हे गृहीतक तुम्ही तपासून पाहिलंच नाहीत. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. अभंगामागून अभंग ऐकताना ‘म्हणे’ फार झालं, असं कुणाच्या मनात येत नाही. तेराव्या शतकातलं लीळाचरित्र उघडा, म्हणजे मराठी गद्याची अगदी सुरुवात. त्यात पानोपानी ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ आहे, सर्वज्ञ म्हणजे चक्रधरस्वामी. शेजारी त्यांच्या शिष्यांचं ‘बाइसीं म्हणीतलें’, ‘भटीं म्हणीतलें’. बोलणारा बदलतो, क्रियापद तेच राहतं. तरी त्यातली माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात, कारण प्रत्येकाचं बोलणं त्याचं त्याचं आहे. त्या पोथ्यांमध्ये आजच्यासारखी अवतरणचिन्हं नव्हती. ती पुढे, छपाईच्या काळात, इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे आली. पोथीत बोलणं कुठे सुरू होतं आणि कुणाचं आहे, एवढं दाखवण्याचं काम ‘म्हणीतलें’ करायचं. आजही ‘म्हणाली’चं काम तेवढंच आहे. स्वल्पविराम किती वेळा आले हे आपण मोजत नाही. ‘म्हणाली’कडेही वाचक त्याच नजरेने बघतो.

यासाठी पोथीपर्यंतही जायला नको. बाजाराच्या दिवशी स्टँडवर दोघी भांडणाची हकिगत सांगत असतात ती ऐका. ‘मी म्हटलं, दे की माघारी. तर ती म्हणती कशी, कवा घेतलं हुतं? मी म्हटलं, आगं देवाला तरी भी.’ सगळी हकिगत एका क्रियापदावर चालते. राग, टोमणा, खोटेपणा हे सगळं त्या बोलण्याची नक्कल करून दाखवतात. ‘ती संतापून उद्गारली’ असं सांगायची त्यांना गरजच पडत नाही. लेखकाने करायचं तेच आहे, फक्त कागदावर.

तुमच्या मुलाने दाखवलेले नियम बहुधा अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांचे असावेत. २००१ साली त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम लिहिले. संवादाला ‘म्हणाला’खेरीज दुसरं क्रियापद लावू नका आणि त्याला क्रियाविशेषणाची शेपटी जोडू नका, असे त्यातले दोन. नियमामागचा विचार मला पटतो: लेखकाने मध्ये नाक खुपसू नये. पण तो नियम जसाच्या तसा मराठीत आणू नका. आपलं ‘विचारलं’ आणि ‘सांगितलं’ अगदी रोजच्या बोलण्यातलं आहे, ते कुणाला खटकत नाही. ‘शालन म्हणाली’ आणि ‘शालनने विचारलं’ यांचा ठेकाही वेगळा आहे. पहिल्यात क्रियापद शालनबरोबर चालतं, दुसऱ्यात ‘ने’ येतो आणि क्रियापद दादाला आणि शालनला सारखंच होतं. लांब संवादात हे दोन-तीन साधे शब्द आलटून पालटून आले तरी कानाला पुरेसा बदल मिळतो. शिबिरातल्या शिक्षकांना बहुधा हाच बदल हवा असावा. त्यासाठी शब्दकोश पालथा घालायची गरज नाही.

खरी गंमत पुढे आहे. मराठीत बोलणारा कोण, हे बोलण्यातूनच इतकं कळतं की अर्ध्या जागी ‘म्हणाली’ लागतच नाही. ‘आले’ म्हटलं की बाई, ‘आलो’ म्हटलं की पुरुष. ‘गं’ आला की समोर बाई आहे आणि बोलणाऱ्याची तिच्याशी सलगी आहे. ‘अहो’ आलं की बहुतेक घरांत नवरा-बायको दिसतात. वहिनी नणंदेला ‘शालन’ म्हणते, ‘ताई’ म्हणते की ‘वन्सं’, यावरून दोघींची वयं, घराची रीत आणि त्यांच्यातलं अंतर एका शब्दात कळतं. हे सगळं तुमच्या हाताशी आहे आणि तुमच्या तुकड्यात ते जवळजवळ कुठेच नाही. त्याऐवजी प्रत्येक जण समोरच्याला नावाने किंवा नात्याने हाक मारून बोलतो: ‘शालन, तू…’, ‘पण दादा…’. घरात समोरासमोर बसलेली माणसं दर वाक्याला असं करत नाहीत.

तुमचाच प्रसंग मी असा लिहून पाहिला:

“कधी आलीस गं?”

“आत्ताच. दीडची गाडी चुकली.”

“म्हणजे जेवली नसशील.” वहिनी ताट घ्यायला उठली.

दादा म्हणाला, “उद्या अकराला तासगावला जायचंय. आधार कार्ड आणलंयस ना?”

“कशाला?”

“सहीला लागतं.”

“कसली सही?”

“अहो, आधी जेवू तरी द्या तिला.”

यात ‘म्हणाला’ एकदाच आहे. तो तिथे आहे कारण आतापर्यंत दोघी बोलत होत्या आणि तिसरा माणूस बोलायला लागला. तो नसता तर वाचकाला आधार कार्डाबद्दल वहिनीच विचारते आहे असं वाटलं असतं. शेवटच्या ओळीला मात्र काहीच लावलेलं नाही. ‘अहो’ आणि ‘तिला’ या दोन शब्दांवरून बोलणारी वहिनीच हे पक्कं होतं. ती शालनची बाजू घेते आहे, की तो विषय तिला आत्ता नको आहे, की नवऱ्याने घाई केली म्हणून ती सावरते आहे, हे मी लिहिलेलं नाही. ते वाचकाला ठरवू दे. ‘हक्कसोड’ हा शब्दही कुणी उच्चारलेला नाही, तरी शालनला कळलं आहे आणि वाचकालाही.

एक गोष्ट तुमच्या कथेविषयी म्हणून सांगते. दादाला गरजायला लावू नका. अंगावर येणाऱ्या भावाला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. ताट वाढलंय, पोरांना आत्या आल्याचा आनंद झालाय, आणि अशा वेळी हळूच सही मागणाऱ्या भावाला ‘नाही’ म्हणणं फार कठीण असतं. कित्येक बायका सही करतात त्या कायदा माहीत नसतो म्हणून नव्हे; पुढच्या दिवाळीला माहेरचं दार उघडं राहावं म्हणून करतात. तुमच्या कथेचा जीव तिथे आहे आणि तो तुम्हाला दिसलेला आहे, नाहीतर हा विषय तुम्ही घेतलाच नसता.

‘म्हणाला’ गाळताना तुमच्या भागातली एक अडचण मात्र लक्षात ठेवा. सांगली-कोल्हापूरकडे बायकाही ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात. शालनच्या तोंडी ‘मी सकाळच्या गाडीनं जातो’ असं आलं तर तुमच्या गावात कुणी अडखळणार नाही, पण नागपूरचा किंवा पुण्याचा वाचक ते वाक्य दादाचं समजेल. तिथे निःसंकोच ‘शालन म्हणाली’ लिहा. केवळ त्या भीतीने तिला ‘जाते’ म्हणायला लावू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘बोलीत लिहिलं तर अडाणी वाटेल असं वाटतं.’ ही भीती मनातून काढून टाका. शालन आणि दादा घरात जसं बोलतात तसंच बोलू द्या, निवेदन हवं तर प्रमाण मराठीत ठेवा. फक्त प्रत्येक शब्दाचं लेखन वाकवत बसू नका. ‘न्हाई’, ‘हुतं’, ‘कवा’ असे थोडे ठळक शब्द आणि वाक्याची मूळ घडण आली की वाचकाच्या कानात बाकीची बोली आपोआप वाजते.

‘म्हणाली’चं आणखी एक काम आहे, ज्याकडे शिकाऊ लेखकांचं क्वचितच लक्ष जातं. दादा ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’? वहिनी ‘म्हणाली’ की ‘म्हणाल्या’? हा नुसता आदराचा प्रश्न नाही. कथा कुणाच्या खांद्यावरून बघितली जाते आहे, ते यातून ठरतं. शालनच्या बाजूने लिहिताना ‘दादा म्हणाला’ बरोबर आहे. तोच प्रसंग वहिनीच्या बाजूने लिहिलात तर त्या घरात ती कदाचित ‘हे म्हणाले’ असंच म्हणेल. तुमच्या पूर्ण कथेत पहिल्या दोन पानांवर ‘वहिनी म्हणाली’ आहे आणि पुढे मध्येच ‘वहिनी म्हणाल्या’ झालं आहे. हे नकळत झालं असेल तर एक ठरवा आणि शेवटपर्यंत सांभाळा. पण तुम्ही हा बदल जाणूनबुजूनही करू शकता. सहीनंतर शालनच्या मनात वहिनी ‘म्हणाली’वरून ‘म्हणाल्या’वर गेली, तर दोघींमध्ये पडलेलं अंतर सांगायला वेगळं वाक्यही लागणार नाही. एवढी सोय ज्या शब्दात आहे, तो काढून तुम्ही ‘उद्गारली’ घातलंत. ‘उद्गारली’ आपण कुणीच बोलताना वापरत नाही.

वेगळी क्रियापदं कधीच वापरू नयेत असं माझं म्हणणं नाही. एक साधी कसोटी ठेवा: क्रियापद आवाजाबद्दल काही सांगतंय की भावनेबद्दल? वहिनी चुलीपाशी शालनच्या कानात काही सांगते आहे, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून, तर ‘कुजबुजली’ लिहायलाच हवं, कारण शब्दांवरून आवाजाची पट्टी कळत नाही. दादा मळ्याच्या त्या टोकाकडून हाक मारतो, तर ‘ओरडला’ बरोबर. पण ‘विव्हळली’, ‘गरजला’, ‘दुखावलेल्या स्वरात’ ही वाचकाला तुम्ही आधीच दिलेली शिकवणी आहे. काय वाटायला हवं ते तुम्ही ठरवून टाकलंत, आणि वाचकासाठी काही उरलंच नाही.

‘म्हणाली’ टाळण्यासाठी हालचाली पेरण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. मी वर ‘वहिनी ताट घ्यायला उठली’ असं लिहिलं, कारण त्या उठण्याने बोलण्याचा विषय बदलला आणि दादाला मध्ये यायला वाव मिळाला. ज्या हालचालीने काहीच बदलत नाही, तिची भर नको. अलीकडच्या पुष्कळ कथांमध्ये माणसं दर दोन वाक्यांनी चष्मा सारखा करतात, सुस्कारा सोडतात, खिडकीबाहेर बघतात. त्यापेक्षा सरळ ‘तो म्हणाला’ परवडलं. आणि एकाची हालचाल व त्याचंच बोलणं एकाच परिच्छेदात ठेवा. हालचाल दादाची आणि पुढचं वाक्य शालनचं अशी मिसळ झाली की वाचक मागे जाऊन शोधत बसतो.

‘म्हणाली’ कुठे ठेवायचं, तेही कानानेच ठरवा. बोलणं तीन-चार ओळींचं असेल तर बोलणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच किंवा पहिल्या वाक्यानंतर येऊ द्या. मध्ये ठेवलं तर त्याचा थांबा होतो: “येईन मी उद्या,” शालन म्हणाली, “पण सही करीन असं धरून चालू नकोस.” तो थांबा काढून वाक्य एका दमात वाचा, त्यातला धीर कमी झालेला कळेल.

संवादच काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंत. सगळे नको, पण बरेच काढा. माणसं बोलली म्हणून प्रत्येक शब्द अवतरणात यायलाच हवा असं नाही. पाऊस, बेदाण्याचा भाव, भाच्याची परीक्षा हे सगळं ‘जेवताना इकडचं तिकडचं बोलणं झालं’ एवढ्यात जाऊ द्या. अवतरणचिन्ह उघडायचं ते ‘आधार कार्ड आणलंयस ना’ या वाक्याला. तिथून पुढचा प्रत्येक शब्द ऐकणं शालनला भाग आहे, म्हणून तो वाचकालाही ऐकवा. निवेदनात ‘दादाने सहीचा विषय काढला, तिला वाईट वाटलं’ असं उरकलंत तर कथेतला नेमका तो क्षण हातचा जाईल.

याच प्रकारची पत्रं शहरांतूनही येतात. ऑफिसातली, हॉस्टेलमधली मुलं अर्धं इंग्रजी बोलतात, ते लिहू की शुद्ध मराठी करू, असं विचारणारी. उत्तर तेच आहे. ती जशी बोलतात तशीच बोलू द्या, फक्त प्रत्येकाचं इंग्रजी सारखं नसतं याकडे लक्ष ठेवा. कुणी ‘मीटिंग कॅन्सल झाली’ म्हणतं, कुणी तेच साहेबांसमोर ‘रद्द’ म्हणतं आणि बाहेर येऊन ‘कॅन्सल’. ही तफावत टिपली की बोलणारा कोण, हे सांगायची गरज निम्म्याने कमी होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पहिल्यांदा घातलेले ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ सगळे परत आणा. मग कथेतले फक्त संवाद, नावं आणि क्रियापदं वगळून, वहीत उतरवून काढा. मुलाला आणि घरातल्या आणखी एकाला समोर बसवून ते मोठ्याने वाचायला द्या. आधी गोष्ट सांगू नका. ते कुठे अडतात, कोणतं वाक्य कुणाचं हे कुठे चुकतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. ‘म्हणाला’ फक्त त्या खुणांपाशी ठेवा. जिथे ते न अडता वाचतात पण वाक्य मात्र शाळेतल्या नाटकातल्यासारखं लागतं, तिथे ‘म्हणाली’ने काही होणार नाही, ते वाक्य मोडून पुन्हा लिहावं लागेल. कायद्याची आणि परकेपणाची, ही दोन वाक्यं या खेपेत जातील असा माझा अंदाज आहे.

आणि कथा त्याच संपादकांकडे पुन्हा पाठवा. साभार परत करताना ज्यांनी एक ओळ का होईना हाताने लिहिली, त्यांनी कथा शेवटपर्यंत वाचलेली असते. सोबतच्या पत्रात काय काय बदललं याची यादी देऊ नका. ‘संवादांवर पुन्हा काम केलं आहे’ एवढं लिहा आणि पाकीट बंद करा.